खटल्यातील कवी, प्रार्थनेतील कवी

बाळ सीताराम मर्ढेकर म्हटले की अनेकांना अश्लीलतेचा खटला आठवतो. १९०९ साली खानदेशातील फैजपूर येथे जन्मलेल्या या कवीच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर तो गुदरला. त्यातून ते निर्दोष सुटले. टी. एस. एलियट या अमेरिकेत जन्मलेल्या कवि-नाटककाराप्रमाणे त्यांनीही काव्याला नाट्याची जोड दिली. आकाशवाणीच्या सेवेत असताना ‘कर्ण’, ‘संगम’ अशा संगीतिका लिहिल्या. एलियट यांनी १९२७ साली अँग्लिकन ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला. मर्ढेकरांनी यंत्रयुगातील माणसाची विटंबना रेखाटताना संतांच्या अभंग-ओवीचा आधार घेतला आणि परमेश्वराला आर्त हाकही घातली. १९५६ साली ते निवर्तले. किळस वाटावी असे सत्य मांडणारा लेखक श्रद्धाहीनच असतो, हे आम्हांस मान्य नाही. ईयोबाचा आक्रोशही पवित्र शास्त्राने जपून ठेवला आहे.