मागावे कोणाकडे?

वाशीममध्ये वाढलेल्या माणसाला गावाचा इतिहास म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक वत्सगुल्माचे वाकाटक आणि दुसरी भवानी काळूंनी बांधलेले बालाजीचे देऊळ. मीही त्यांतलाच. पन्नाशी उलटल्यावर मला कळले, की बॉस्टन शहरातल्या एका होमिओपॅथी डॉक्टराच्या कार्याशी माझ्या गावाचे नाव जोडलेले आहे. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे, तो येथे मांडतो.

डॉक्टराचे नाव चार्ल्स कलिस. ज्यांना इस्पितळात कोणी घेत नसे अशा गरीब क्षयरोग्यांसाठी त्यांनी 1864 मध्ये बॉस्टनला एक घर उघडले. हे घर चालवावयाची रीत त्यांनी इंग्लंडातल्या ब्रिस्टल गावच्या जॉर्ज म्यूलर यांच्याकडून घेतली होती. म्यूलरांनी 1836 मध्ये अनाथ मुलांसाठी पहिले घर उघडले आणि 1898 मध्ये ते वारले तोवर दहा हजारांवर मुले त्यांच्या आश्रयास येऊन गेली. त्यांचा नियम असा, की पैशाची गरज कोणाही माणसाला सांगावयाची नाही आणि कर्ज काढावयाचे नाही. मागणे ते एका देवापाशी. मात्र आलेल्या पैनपैचा हिशेब ते ठेवीत आणि दरसाल छापून प्रसिद्ध करीत. असा अहवाल हेच एक प्रकारचे मागणे नव्हे काय, अशी शंका एखाद्या वऱ्हाडी माणसाला यावयाचीच, मलाही आली. पण हिशेबाची ती शिस्त पाहिली, की ह्या गृहस्थाला भाबडा म्हणवत नाही.

ह्याच भरवशावर 1870 नंतरच्या दशकात लूसी ड्रेक नावाची एक अमेरिकन बाई वाशीमला येऊन राहिली. इंग्रजी कागदांत तेव्हा वाशीमला बासीम म्हणत. 1870 मध्ये कलिस यांच्या प्रार्थनेने आपल्या डोक्यातले आवाळू बरे झाले, अशी तिची श्रद्धा होती. पुढे ओसबॉर्न ह्या नावाने, 1893 मध्ये, तिने आपल्या आठवणींचे पुस्तकही काढले. तिच्या पाठीशी ठरलेला पगार नव्हता. होता तो कलिस यांच्याकडे स्वेच्छेने येणाऱ्या देणग्यांचा आधार, आणि त्यांच्या मागे ईश्वर. आगगाडीचे स्टेशन अकोल्याला, म्हणजे पन्नास मैलांवर. पत्राने बॉस्टन गाठावयाचे तर कित्येक आठवडे लागत.

हे चित्र डोळ्यांपुढे आणले, की माझा प्रश्न उभा राहतो. देवावर टाकलेला भार एकट्या टाकणाऱ्याचाच असतो काय? बाईने उपवास करावा, तो तिचा धर्म. पण तिच्या दारात येणारे पोर, पाणी भरणारा गडी, स्वयंपाक करणारी बाई ह्यांनी तो नियम स्वीकारलेला नसतो. पुढे वाशीमचे हे काम मेथडिस्ट मिशनकडे गेले. त्यांच्यामागे रीतसर मंडळ होते, ठरलेला पैसा होता. काही श्रद्धाळूंना ही माघार वाटेल. मला वाटत नाही.

मग छपन्नाचा दुष्काळ आला. संवत 1956, म्हणजे इसवी सन 1899-1900. वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. त्यात वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे तीन तालुके. 1891 च्या शिरगणतीत जिल्ह्याची वस्ती सुमारे 3 लाख 98 हजार होती, ती 1901 मध्ये 3 लाख 53 हजारांवर आली. दहा वर्षांत पंचेचाळीस हजार माणसे उणी. 1905 मध्ये तर जिल्हाच मोडला. तो पुन्हा झाला 1998 मध्ये.

ह्या आकड्यांपुढे भरवशाची भाषा बोलण्याचा अधिकार कोणाला? मला एकच नाव सुचते, ते वाशीमचे नव्हे, पंडिता रमाबाईंचे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थे हिंडले, पुराणे सांगितली, दानधर्म केला, व्रते केली आणि 1870 नंतरच्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. पाठोपाठ आई गेली, मग बहीण. देवावर हवाला ठेवणारे घर कसे संपते हे रमाबाईंनी विशीच्या आत पाहिले होते. 1883 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या शारदा सदनाला दहा वर्षे मदत देण्यासाठी 1887 मध्ये बॉस्टनमध्येच एक मंडळ निघाले होते. म्हणजे त्यांच्या हाती माणसांचे लेखी वचन होते. ती मुदत संपता संपता मात्र त्या म्यूलरांच्या वाटेकडे वळल्या. म्यूलरांचे चरित्र आपण वाचले, असे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

पण त्यांचा भरवसा हात जोडून बसला नाही. 1897 मध्ये मध्यप्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुली आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात एक वेळ जवळजवळ एकोणीसशे माणसांची पंगत होती. त्यांनी विहिरी खोदविल्या, शेती केली, माग घातले, छापखाना काढला. प्रार्थना पहाटे; दिवस उजाडला की काम. आईबापांच्या व्रतांत जे नव्हते ते त्यांनी आपल्या श्रद्धेत घातले, असे मला वाटते. ज्यांना हे वाचन धाडसाचे वाटेल त्यांच्याशी माझे भांडण नाही.

आमचे घर बालाजीचे. माझी आजी तिच्या आईची आठवण सांगे. छपन्न साली घरात दाणा नव्हता, तेव्हा त्या माऊलीने देवापुढे नुसत्या पाण्याची वाटी नैवेद्य म्हणून ठेवली होती.

"मग देवाने काय दिले?" मी विचारले. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन.

आजी म्हणाली, "देते काय? दुसऱ्या दिवशी माय सरकारी कामावर खडी फोडायला गेली. जाताना वाटीतलं पाणी पिऊन गेली."