सदृशीकृत यंत्रमानव फुटबॉल
संगणकात कल्पिलेल्या मैदानावर स्वायत्त आज्ञावलींच्या दोन संघांत होणारा फुटबॉलचा सामना. यात प्रत्यक्ष यंत्रमानव नसतात. खेळाडूंच्या व चेंडूच्या हालचालींचे सदृशीकरण करणारा सॉकर सर्व्हर जपानमधील इत्सुकी नोदा यांनी तयार केला. १९९७ साली नागोया येथे भरलेल्या पहिल्या अधिकृत रोबोकप स्पर्धेत या प्रकारात बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाचा संघ विजयी झाला. त्याच वर्षी डीप ब्लू या संगणकाने गॅरी कास्पारोव्ह यांस बुद्धिबळात हरविले होते. बुद्धिबळात संपूर्ण पट दिसतो व चाली आळीपाळीने होतात. येथे मात्र अकरा खेळाडूंपैकी प्रत्येकाची आज्ञावली स्वतंत्र असते; तिला मैदानाचा काही भागच, तोही अचूकपणे नव्हे, दिसतो आणि दर ०·१ सेकंदाला कृती ठरवावी लागते. सहकाऱ्यांशी संपर्कही सर्व्हरमार्फत व मर्यादितच साधता येतो. त्यामुळे केंद्रीय नियंत्रकावाचून सहकार्य कसे घडते, हा प्रश्न प्रयोगाने तपासता येऊ लागला. १९९८ व १९९९ साली विजयी झालेल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संघात व्यूहरचना व संकेत आधी ठरविलेले असत; सामन्यातील परिस्थितीनुसार भूमिका बदलण्याची मुभा मात्र प्रत्येक खेळाडूस असे. २००४ साली या स्पर्धेत त्रिमितीय प्रकाराची भर पडली.