लार्ज ब्लू : हरवलेलं आणि परत आणलेलं फुलपाखरू

या वीकेंडला पुन्हा इतिहास. पण यात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहही नाहीत. एक फुलपाखरू आहे, इंग्लंडातलं. नाव लार्ज ब्लू. १९७९ साली ते ब्रिटनमधून नामशेष झालं, आणि आज तिथल्या काही टेकड्यांवर जून महिन्यात गेलात तर तुम्ही त्याचा फोटो काढू शकता. मधल्या काळात जे घडलं ते मला एखाद्या रहस्यकथेइतकं भारी वाटतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कित्येक वर्षं सगळे भलताच बग फिक्स करत बसले होते.

आधी ओळख करून घेऊ. नावात 'लार्ज' असलं तरी फार अपेक्षा ठेवू नका. ब्रिटनच्या निळ्या फुलपाखरांत हे सगळ्यात मोठं, एवढाच त्याचा अर्थ. पंख पसरले तर जेमतेम चार-पाच सेंटीमीटर. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉरमॉनच्या शेजारी बसवलं तर अगदीच किरकोळ दिसेल. पुढच्या पंखांच्या वरच्या बाजूला निळ्यावर काळ्या ठिपक्यांची ओळ असते, ही त्याची मुख्य खूण. तिथे सर्रास दिसणाऱ्या कॉमन ब्लूच्या नराचे पंख वरून कोरे निळे असतात, आणि मिटल्यावर कडेला नारिंगी टिकल्या दिसतात. लार्ज ब्लूला नारिंगी रंग अजिबात नाही. मिटलेले पंख करडे, त्यावर काळे ठिपके आणि अंगाजवळ हिरवट-निळी झाक. तिसरं एक होली ब्लू असतं, पण ते फिकट, आणि बहुतेक वेळा झुडपांच्या उंचीवर उडत असतं. लार्ज ब्लू जमिनीलगत फिरतं. का, ते पुढे कळेल.

ब्रिटनमध्ये या फुलपाखराची पहिली नोंद १७९५ सालची, विल्यम लेविन या चित्रकार-निसर्ग अभ्यासकाच्या पुस्तकातली. (लिनियसने त्याचं शास्त्रीय बारसं १७५८ मध्येच करून ठेवलं होतं.) ते पहिल्यापासूनच दुर्मिळ होतं. आणि एकोणिसावं शतक हे तर संग्राहकांचं शतक! पाद्री, डॉक्टर, लष्करी अधिकारी, सगळे रविवारी जाळी घेऊन रानात. दुर्मिळ म्हटल्यावर सगळ्यांना तेच हवं. पकडायचं, मारायचं, टाचणी टोचून लाकडी ड्रॉवरमध्ये ठेवायचं. खाली लेबल : गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव.

मग एकेक ठिकाण रिकामं व्हायला लागलं. नॉर्थम्प्टनशायरमधलं बार्नवेल वोल्ड हे त्याचं नावाजलेलं ठिकाण, तिथून ते १८६० च्या सुमाराला गेलं. लोकांनी साहजिकच बोट दाखवलं ते संग्राहकांकडे. कुणी वाईट हवामानालाही दोष दिला. पण आरोपी नंबर एक म्हणजे जाळीवाला, हे जवळपास ठरून गेलं होतं.

दरम्यान दुसरंच एक कोडं लोकांना छळत होतं. लार्ज ब्लूची मादी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. (आपल्या ओव्याचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, त्या थायमॉलचं नाव याच थाइमवरून पडलंय.) अळी दोन-तीन आठवडे थाइमची फुलं खाते आणि मग एका संध्याकाळी चक्क खाली पडून गायब होते. घरी पाळलेल्या अळ्या या टप्प्यावर खाणं सोडून मरून जायच्या. मग फुलपाखरू होतं तरी कसं?

उत्तर सापडलं १९१५ मध्ये. टी. ए. चॅपमन यांना लार्ज ब्लूची अळी मुंग्यांच्या घरात सापडली, आणि तिच्या पोटात मुंग्यांच्या पिल्लांचे अवशेष निघाले! पुढे कॅप्टन प्युअरफॉय आणि फ्रोहॉक या जोडगोळीने अक्रोडाच्या अर्ध्या कवचात मुंग्या ठेवून, त्यात अळ्या सोडून, सगळं जीवनचक्र डोळ्यांनी पाहिलं. ते असं : जमिनीवर पडलेली अळी एक गोड थेंब सोडते. मिर्मिका नावाची लाल मुंगी येऊन तो चाटते. मग अळी अंग फुगवून अशी काही पोज घेते, की मुंगीला वाटतं हे आपलंच हरवलेलं पिल्लू. मुंगी तिला तोंडात धरून घरी नेते. तिथे ही पाहुणी दहा महिने मुंग्यांची पिल्लं खात राहते. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं हे आपल्याला माहीत आहे, पण ते बिचारं निदान कावळ्याने आणलेलं अन्न तरी खातं. इथे पाहुणा यजमानाची मुलंच खातो. अळीचं जवळजवळ सगळं वजन त्या अंधारात वाढतं. तिथेच कोष होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरू बाहेर येऊन गवतावर चढतं आणि पंख सुकवतं.

म्हणजे १९१५ नंतर लार्ज ब्लूला थाइम आणि मुंग्या दोन्ही लागतात, हे कळलं होतं. पण गाडी तिथेच अडकली. थाइम आहे, मुंग्या आहेत, तरी फुलपाखरू कमीच होतंय. मग पुन्हा जुना आरोपी. एका जागेला तर संग्राहक येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं गेलं. संग्राहक थांबले, आणि फुलपाखरू तिथूनही गेलं. १९५० च्या दशकात तीसेक वसाहती उरल्या होत्या, त्या १९७० च्या सुरुवातीला एक-दोनवर आल्या.

इथे प्रवेश होतो जेरेमी थॉमस या तरुण शास्त्रज्ञाचा. १९७२ पासून ते डार्टमूरच्या परिसरातल्या शेवटच्या जागी उन्हाळेच्या उन्हाळे ठाण मांडून बसले. काम काय, तर गवतात गुडघे टेकून मोजत राहायचं. किती अंडी घातली, किती फुटली, किती अळ्या खाली पडल्या, कुठल्या मुंगीने उचलल्या, किती जगल्या. आम्ही लोक ज्याला लॉग वाचणं म्हणतो तेच, फक्त स्क्रीनऐवजी उतारावर. आणि शेवटी मूळ कारण हाती लागलं. मिर्मिका मुंग्यांच्या अनेक जाती आहेत आणि त्यातली कुठलीही अळीला उचलून नेते. पण अळीचा खरा निभाव लागतो तो एकाच जातीच्या घरी, मिर्मिका सॅब्युलेटी. बाकीच्यांच्या घरी बहुतेक अळ्या मरतात. थोडक्यात, कोड सगळीकडे कंपाइल होतो, पण चालतो एकाच मशिनवर.

आणि या सॅब्युलेटीला ऊब लागते. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर, गवत अगदी आखूड, दोन-तीन सेंटीमीटरचं असेल तरच तिथली जमीन पुरेशी तापते. गवत वाढलं की माती दोन-तीन अंशांनी थंड होते, सॅब्युलेटी मागे हटते आणि तिची जागा दुसरी मिर्मिका घेते. वरून बघणाऱ्याला दोन्ही लाल मुंग्याच!

मग गवत वाढलं कशाने? पूर्वी त्या उतारांवर गुरं-मेंढ्या चरायच्या. अशा चढावर चारणं परवडेना, तेव्हा शेतकऱ्यांनी ते सोडून दिलं. उरलेलं काम ससे करत होते. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ ब्रिटनमध्ये पोचली आणि बहुतेक ससे मेले. आता त्या कुंपणाचा विचार करा. ते संग्राहकांसाठी होतं, पण त्याने चरणारी जनावरंही बाहेर राहिली. ज्यांना हे फुलपाखरू सगळ्यात जास्त प्रिय होतं, त्यांनीच त्याच्या मुंग्यांवर गवताची चादर ओढली होती. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. गवताची उंची तेवढी कुणी मोजली नव्हती.

उत्तर मिळालं, पण वेळ निघून गेली होती. १९७५ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, १९७६ मध्ये भीषण दुष्काळ पडला, आणि शेवटच्या जागी गवत आखूड करायला सुरुवात झालेली असतानाच उरलीसुरली वसाहत संपली. १९७९ : नामशेष. ब्रिटनचं ते मूळ वाण गेलं ते गेलंच.

पण थॉमस थांबले नाहीत. या वेळी आधी जागा तयार केली : झुडपं काढली, गुरं परत चरायला सोडली, सॅब्युलेटी वाढू दिली. मग १९८३ पासून थॉमस आणि डेव्हिड सिमकॉक्स यांनी स्वीडनच्या ओलांड बेटावरून लार्ज ब्लू आणून सोडलं. यश हळूहळू आलं, पण आलं. सॉमरसेटच्या टेकड्यांवर ते रुळलं. २०१९ मध्ये ग्लॉस्टरशायरच्या रॉडबरो कॉमनवर १,१०० अळ्या सोडल्या, आणि २०२० मध्ये तिथे सुमारे ७५० फुलपाखरं उडाली, दीडशे वर्षांनंतर पहिल्यांदा. २०२२ च्या ब्रिटिश रेड लिस्टमध्ये लार्ज ब्लू 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटाच्या जवळ' या वर्गात आलं. गुण सुधारले म्हणायचे. :)

आता मुद्द्याचं. ऑनसाईटवर इंग्लंडात असाल आणि जूनचा मध्य किंवा शेवट गाठता आला, तर सॉमरसेटमधल्या स्ट्रीट गावाजवळच्या कॉलर्ड हिलवर जा. जागा नॅशनल ट्रस्टची आहे आणि लोकांसाठी खुली आहे. हवेत बघत फिरू नका, जमिनीकडे बघा. जिथे गवत आखूड आणि थाइम जांभळं, तिथे थांबा. कडक उन्हात ते पंख मिटून बसतं. ऊन-सावलीचा खेळ चालू असेल तर पंख उघडण्याची शक्यता जास्त, आणि काळे ठिपके टिपायचे तर तेच हवं. मॅक्रो लेन्स जरा लांबची घ्या, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. मादी थाइमच्या कळीवर पोट वाकवताना दिसली तर अंडी घालतेय असं समजा आणि जागचे हलू नका. पायवाट सोडायची नाही, कारण पायाखालच्या थाइमवर पुढच्या वर्षीची फुलपाखरं असतात.

जाळीवाले पूर्ण संपलेत असंही नाही बरं. २०१५ मध्ये कॉलर्ड हिल आणि ग्लॉस्टरशायरमधल्या एका ठिकाणी लार्ज ब्लू पकडून मारल्याबद्दल एका माणसाला २०१७ मध्ये सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. शिक्षा व्हायलाच हवी होती. पण नुसत्या शिक्षेने हे फुलपाखरू परत आलं नसतं, ते आणलं चरणाऱ्या गुरांनी आणि मोजणाऱ्या माणसांनी.

म्हणून एक विनंती. क्लोजअप मिळाला की कॅमेरा लगेच बंद करू नका. दोन पावलं मागे येऊन आणखी एक फोटो काढा, ज्यात फुलपाखरू ठिपक्याएवढं असेल पण गवत नीट दिसेल. त्या व्हिक्टोरियन ड्रॉवरमधल्या लेबलांवर गाव आहे, तारीख आहे, नाव आहे, पण गवत किती उंच होतं ते नाही. नेमकी तीच माहिती पुढे लागणार होती.