सुर्जी-अंजनगाव : तहाचे गाव आणि गावाचे पाणी



इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आपल्या गावाच्या वाट्याला एकच ओळ आली आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला, एवढीच. पोरे ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. सातवीनंतर शाळा सोडून मी कामाला लागलो. पुढे मजूर संघटनेत पडल्यावर मला करार वाचण्याची सवय जडली. करार हाती आला की त्यात काय लिहिले आहे ते मी नंतर पाहतो. त्यात कोणाची सही नाही, ते आधी पाहतो. आज हा तह मला त्याच नजरेने आपल्यापुढे वाचायचा आहे.

पण त्याआधी जमीन पाहिली पाहिजे. आपल्या उत्तरेला गाविलगडचे डोंगर, म्हणजे सातपुड्याचीच रांग. दक्षिणेला पूर्णा नदी. मधला सपाट काळ्या मातीचा पट्टा म्हणजे पयानघाट. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खणली तरी पाणी मचूळ लागते. डोंगराच्या पायथ्याकडे मात्र गोडे पाणी आहे. त्याच डोंगरातून शहानूर नदी उतरते. तिच्या एका काठावर अंजनगाव, दुसऱ्या काठावर सुर्जी. दोन वस्त्या, मधे नदी आणि जमिनीखाली गोडे पाणी. आपल्या गावाचा सारा इतिहास या तीन गोष्टींत आहे, असे मला वाटते. तह ही त्यातली पाहुणी गोष्ट.

आता ते पाहुणे कसे आले ते पाहू. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा तिथे पराभव केला. २९ नोव्हेंबरला अकोटपलीकडच्या अडगावला पुन्हा गाठ पडली. असईला छाती काढून लढलेल्या इंग्रजांच्या काही पलटणी तिथे मराठ्यांच्या तोफा सुरू होताच मागे पळू लागल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना परत रांगेत आणले. दिवस मावळायच्या आत निकाल लागला आणि अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. मग फौज गाविलगडाकडे वळली. स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा डोंगर चढवून किल्ल्याच्या उत्तर अंगाला नेल्या. तिथे वाट नव्हती. शिपायांनी वाट फोडली आणि कित्येक ठिकाणी तोफा हातांनी ओढल्या. हे काम ७ ते १२ डिसेंबरपर्यंत चालले होते. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. विजयाच्या कथेत सेनापतीचे नाव राहते. तोफेच्या दोरखंडाला कोणाचे हात होते, ते कोणी टिपून ठेवले नाही.

गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावी रघूजी भोसल्यांशी तह झाला आणि महिनाअखेरीस अंजनगावी शिंद्यांशी. तो इथेच का व्हावा? माझा तर्क साधा आहे. हजारो माणसे, घोडे आणि तोफांचे बैल घेऊन फिरणाऱ्या छावणीला पाणी आणि कडबा लागतो. खारपाणपट्ट्यात ती तगली नसती, इथे तगली.

तहात शिंद्यांनी काय सोडले? गंगा-यमुनेमधला दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच, अहमदनगरचा किल्ला आणि, घराण्याची काही गावे वगळून, अजिंठ्याच्या डोंगराखालचा मुलूख. दिल्लीच्या बादशहावरचा हक्कही गेला. शहानूरच्या काठावर यमुनेचा सौदा झाला! हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला.

गंमत अशी की, ज्या तहाला अंजनगावचे नाव आहे त्याने अंजनगावचे भवितव्य ठरवलेच नाही. ते ठरले देवगावच्या तहात. त्याने कटक कंपनीला गेले आणि वर्धेच्या पश्चिमेकडचे वऱ्हाड निजामाला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले. त्यापूर्वी वऱ्हाडात दुअमली होती, म्हणजे एकाच शेतावर निजामाचाही वसूलदार आणि भोसल्यांचाही. ती संपली हे खरे. पण मागून इजारदार आले. सारावसुलीचा मक्ता घेणाऱ्याला गाव टिकते की उजाड होते, याची फिकीर कशाला असेल? १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने गेले. कुळाला विचारून शेत कोणी विकत नाही, तसे आम्हाला कोणी विचारले नाही. कोणत्याच कागदावर शहानूरकाठच्या माणसाची सही नाही.

आणि हे गाव काही मुके नव्हते. सुर्जीच्या मठाचे देवनाथमहाराज त्या वेळी हयात होते. एकनाथांच्या परंपरेतले कवी आणि कीर्तनकार. तहाच्या मसुद्याला त्यांचा पत्ता नाही.

गाव जगले ते पानमळ्यावर. पानवेलीला सावली हवी, वाऱ्यापासून आडोसा हवा आणि गोडे पाणी बारमाही हवे. बारी समाजाच्या पिढ्यान् पिढ्या या कामात गेल्या. वेल चढवायची, बांधायची, उतरवायची, पुन्हा मातीत दाबायची. पान खुडायचे तेही एकेक, हाताने. त्याच मातीत पानपिंपरी होते. औषधाला लागणाऱ्या या पिकाचे नाव पुण्या-मुंबईच्या माणसाने क्वचितच ऐकलेले असते. तिची फळेही हातानेच तोडून उन्हात वाळवावी लागतात. यंत्राला या कामात अजून शिरकाव मिळालेला नाही. मजुरी मात्र बिनयंत्राची म्हणून वाढली, असेही नाही.

कापसाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. जिन आले, प्रेस आले, गाठी बांधल्या जाऊ लागल्या. पुढे मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद गाडी अंजनगावावरून धावू लागली. तीच आपली शकुंतला. ती किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीची. देश स्वतंत्र झाल्यावरही रूळ खाजगी कंपनीचेच राहिले. वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले, मग डिझेल आले आणि आता गाडीही बंद आहे. तिने गाठी नेल्या. रेच्यावर दिवसभर रुईचा धुरळा गिळणाऱ्या बाया मात्र हंगाम संपला की घरी बसत, आणि पुढल्या दिवाळीला पुन्हा फाटकाशी उभ्या राहत. त्यांचे हजेरीपत्रक मागितले की मालक हसत. कित्येक ठिकाणी ते नसेच.

शहानूर नदी आता धरणाने अडली आहे. तिचे पाणी नळाने दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांना जाते. १८०३ मध्ये ज्या गोड्या पाण्यावर छावणी पडली असावी, तेच हे पाणी. पानमळेवाला म्हणतो, आमच्या विहिरी खोल चालल्या. खारपाणातली बाई म्हणते, माझ्या घागरीत पहिल्यांदा गोडे पाणी आले. दोघेही खरे बोलतात. या पाण्याची वाटणी ठरवण्याची बैठक होईल, तेव्हा तिथे दोघांनाही बसायला जागा हवी. ती मिळवण्याचे काम अजून व्हायचे आहे.