भिऱ्याचा नळ, तारापूरची भट्टी

 मुळशी तालुक्यातल्या धरणाचं पाणी 1927 पासून सह्याद्री ओलांडून सुमारे 500 मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. तिथला व्हॉल्व्ह एकदम मिटला, तर पाणी थांबेल. त्याचा जोर मात्र दाबाची लाट होऊन नळातून उलटा वर धावेल. अणुभट्टीच्या सुरक्षेसाठी संगणक जे गणित सोडवतो, त्याचं नातं याच धक्क्याशी आहे.

हा धक्का मोजला निकोलाय जुकोव्हस्कीने, 1897-98मध्ये, मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर. त्याचं सूत्र सुटसुटीत होतं: पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि प्रवाहात पडलेला फरक यांचा गुणाकार. लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वाहणारं पाणी झटक्यात अडवलं, तर दाब सुमारे 12 बारने चढतो.

पुढे अनेक वर्षं इंजिनिअर या लाटा आलेखाच्या कागदावर रेघा मारून शोधत. 1960च्या दशकात मिशिगनच्या स्ट्रीटर आणि वायली यांनी ते काम संगणकावर नेलं. नळाचे तुकडे पाडायचे आणि क्षणाक्षणाला प्रत्येक तुकड्यातला दाब काढायचा.

अणुभट्टीत प्रकरण अवघड होतं. तिथलं तापलेलं पाणी केवळ दाबामुळे पाणी राहतं. नळ फुटला की त्याची वाफ होते आणि जुकोव्हस्कीचं सूत्र एकटं पुरत नाही. म्हणून 1966मध्ये अमेरिकेत आयडाहोत एक प्रोग्रॅम लिहिला गेला. त्याचाच वंशज रिलॅप. त्याची पाचवी पिढी पाणी आणि वाफ यांचा हिशेब वेगवेगळा ठेवते: वस्तुमान, संवेग, ऊर्जा, प्रत्येकी तीन, एकूण सहा समीकरणं.

हिशेब पडताळायचा कशावर? एडवर्ड्स आणि ओब्रायन या ब्रिटिश संशोधकांनी 1970मध्ये आपल्या प्रयोगाचे आकडे प्रसिद्ध केले. साधारण चार मीटरचा नळ, आत 70 बार दाबाखालचं तापलेलं पाणी, टोकाला काचेची चकती. चकती फोडताच दाब कोसळला, पाणी उकळू लागलं आणि वाफाळत बाहेर पडलं. हा नळ रिलॅपच्या नमुना-उदाहरणांत अजून आहे.

1969मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही उकळत्या पाण्याच्या, जवळपास तेवढ्याच दाबाच्या. अशा भट्टीचा मोठा नळ तुटलाच, तर आणीबाणीचं पाणी पोचेपर्यंत इंधनाचं झिरकॅलॉयचं आवरण किती तापेल, हे आधी काढावं लागतं. अमेरिकन नियमांत त्याची मर्यादा 1,204 अंश सेल्सिअस आहे.