प्रतीक्षेचा अन्वय : म्युनिकचे विद्यार्थी आणि आगमनकाळ

ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ नाताळने नव्हे, तर त्यापूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाने होतो. या काळातील प्रतीक्षा द्विमुखी असते : एकीकडे बेथलेहेममधील जन्माचे स्मरण, तर दुसरीकडे न्यायनिवाड्यासाठी होणाऱ्या पुनरागमनाची अपेक्षा. पहिली सांत्वन देते, दुसरी जाब विचारते. श्रद्धा ही संहितेचा अर्थ बंदिस्त करते, हे गृहीत समीक्षेत दृढ झालेले आहे. १९४१ ते १९४३ या काळात म्युनिकमधील एका विद्यार्थिवर्तुळाने केलेले वाचन या गृहीताला छेद देते.

हान्स शोल हा वैद्यकाचा विद्यार्थी, जन्माने प्रॉटेस्टंट. १९४१ च्या शरदात कार्ल मुथ यांचा ग्रंथसंग्रह लावण्याचे काम त्याच्याकडे आले. कॅथलिक ललितसाहित्य काळाच्या तोडीचे आहे काय, हा प्रश्न मुथ यांनी १८९८ मध्येच टोपणनावाने उपस्थित केला होता. १९०३ साली त्यांनी स्थापन केलेले ‘होखलांट’ हे मासिक नाझी राजवटीत, १९४१ मध्ये, बंद पडले. त्या डिसेंबरात हान्सने मुथ यांना कळविले की, नाताळ खऱ्या ख्रिस्ती प्रतीतीने साजरा करण्याचा हा आपल्या आयुष्यातील पहिलाच प्रसंग आहे. ही श्रद्धा वारशाने आलेली नव्हती. ती ग्रंथांच्या सहवासातून घडली होती.

याच वर्तुळात थिओडोर हेकर विद्यार्थ्यांसमोर वाचन करीत. किर्केगार्द आणि न्यूमन यांचे हे अनुवादक १९२१ मध्ये कॅथलिक झाले होते. १९३८ पासून त्यांच्यावर प्रकाशनबंदी होती. व्हर्जिलवरील १९३१ च्या ग्रंथात त्यांनी या रोमन कवीला ‘आगमनकाळातील’ बिगरख्रिस्ती मानले. चौथ्या गोपगीतातील बालक म्हणजे येशूच, हा प्राचीन अन्वय ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही. ते काव्य इ. स. पूर्व ४० मधील पोलिओच्या कॉन्सलपदाशी निगडित आहे. परंतु हेकर यांचा भर भाकितावर नव्हता, तर कवीच्या उन्मुखतेवर होता. आपल्याला अज्ञात असलेल्या अर्थासाठी जागा राखणारी संहिता, अशी ही कल्पना आहे. एलियटने १९५१ मध्ये व्हर्जिलचा विचार करताना हेकर यांचे ऋण मान्य केले, ते याच कारणाने.

तथापि या कल्पनेत एक धोका संभवतो : प्रतीक्षा हीच निष्क्रियतेची सबब होऊ शकते. हेकर यांचा प्रतिकार मुख्यतः गुप्त रोजनिशीत राहिला. विद्यार्थ्यांनी मात्र पुढचे पाऊल टाकले. १९४२ च्या उन्हाळ्यातील ‘व्हाइट रोज’च्या पहिल्याच पत्रकात, दुसरा कोणी आरंभ करील म्हणून वाट पाहणाऱ्यांना इशारा दिलेला आहे. चौथ्या पत्रकात सत्तेचे वर्णन आसुरी शक्तीच्या परिभाषेत येते. आगमनकाळाचे जाब विचारणारे मुख येथे राजकीय भाषा धारण करते.

अर्थात या प्रतिकाराचे श्रेय केवळ कॅथलिक चिंतनाला देणे एकांगी ठरेल. आलेक्झांडर श्मोरेल ऑर्थोडॉक्स होता. व्हिली ग्राफ कॅथलिक युवक-चळवळीतून आलेला होता. पत्रकांत ग्योथे, शिलर, लाओ-त्झू आणि अॅरिस्टॉटल यांचे आधार आहेत. २२ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स, त्याची बहीण सोफी आणि मित्र ख्रिस्टोफ प्रोब्स्ट यांचा शिरच्छेद झाला. त्याआधी काही वेळ प्रोब्स्टने कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. श्मोरेल आणि ग्राफ यांनाही त्याच वर्षी देहान्त शासन झाले.

हेकर यांनी प्रतीक्षेला वाचनाची कोटी बनविले. विद्यार्थ्यांनी त्या कोटीतील उत्तरदायित्व ओळखले. संहितेचा अर्थ अद्याप यावयाचा आहे, असे मानणारा वाचक त्या अर्थाला बांधील असतो, हे त्यांच्या वाचनाने दाखवून दिले.