एका नावाचे अनेक धनी

बेंगळूरच्या दक्षिण भागात कनकपुरा रस्त्यालगत बनशंकरीचे देऊळ आहे. भोवतालच्या विस्तीर्ण वसाहतीस त्या देवीवरूनच नाव मिळाले आहे. देवीचे मूळ पीठ मात्र दूर, बदामीजवळ चोळचगुड्ड येथे. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची ती कुलदेवता असून पौषातील शाकंभरी नवरात्र तिच्याच नावाने पाळले जाते. एकच नाव दोन ठिकाणी नांदते आणि त्यामुळे कोणाचेच काही उणे होत नाही. उलट धाकट्या देवळाच्या पायऱ्या चढताना थोरल्या पीठाचे स्मरण होते. देवतांची नावे अशी वाटली तरी पुरून उरतात. माणसांच्या नावांचे तसे होतेच असे नाही. याच बेंगळूरशी निगडित असलेले ‘संभाजी’ हे नाव त्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

आज ‘संभाजी’ म्हटले की छत्रपती शिवाजी महाराजांचे पुत्र डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या जन्मापूर्वी हे नाव ज्यांनी धारण केले होते ते शहाजीराजांचे ज्येष्ठ पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे सख्खे थोरले बंधू, सामान्य वाचकाच्या स्मरणात जवळजवळ नाहीत. त्यांची कर्मभूमी बेंगळूर ही होती. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरच्या सैन्याने केंपेगौडाच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. लालबागेतील खडकावरचा बुरूज ही जुन्या शहराची दक्षिणेकडील खूण मानली जाते. आजची बनशंकरी तिच्याही पलीकडे, म्हणजे त्या काळी शहराबाहेरच. आतल्या पेठेत मात्र मराठी, कानडी, तेलुगू, फार्सी आणि संस्कृत या भाषांची एकत्र वर्दळ सुरू झाली होती. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’मध्ये त्या बहुभाषिक दरबाराचे चित्र उमटले आहे. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ 1922 मध्ये प्रसिद्ध केला आणि शहाजीराजांच्या कर्नाटकातील जीवनाकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष वेधले.

शहाजीराजांनी धाकट्या मुलास पुण्याकडे पाठविले आणि थोरल्यास आपल्याजवळ ठेवले. या वाटणीत दोघांच्याही कीर्तीचे भवितव्य ठरून गेले, असे मागे वळून पाहताना वाटते. 1648 मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा आदिलशाहीने दोन्ही मुलांवर फौजा धाडल्या. पुरंदरच्या परिसरात शिवाजीराजांनी फत्तेखानाचा पराभव केला. हा प्रसंग आपण शाळेपासून वाचतो. त्याच वेळी बेंगळुरावर चालून आलेल्या फर्रादखानाशी संभाजीराजे झुंजले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त दोन्ही आघाड्यांचे वर्णन आहे. एकाच संकटाला दोन भावांनी दोन ठिकाणी तोंड दिले; परंपरेने त्यांपैकी एकाचीच लढाई उराशी धरली.

पुढे कनकगिरीच्या वेढ्यात थोरल्या संभाजीराजांचा मृत्यू झाला. ही घटना सामान्यतः 1654-55 च्या सुमारास झाली असे मानतात. अफजलखानाने वेळेवर कुमक केली नाही, असा ठपका मराठी परंपरेने त्याच्यावर ठेवला आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, 14 मे 1657 रोजी, पुरंदरावर शिवाजी महाराजांना पुत्र झाला आणि त्याचे नाव संभाजी ठेवण्यात आले. गेलेल्या वडीलधाऱ्याचे नाव घरातल्या नव्या मुलास देण्याची आपली रीत जुनी आहे. व्यंकोजीराजांच्या मुलाचे नाव शहाजी. संभाजी महाराजांचा मुलगा शिवाजी, जो पुढे शाहू म्हणून ओळखला गेला. राजाराम महाराजांच्याही मुलाचे नाव शिवाजी. नाव ठेवणे ही अशा घरांत एक प्रकारची श्राद्धक्रियाच असते. नाव मुलाच्या अंगणात खेळते आणि गेलेला माणूस हाकेपुरता परत येतो.

हे नाव त्या काळी किती रुळलेले होते, हे आसपासच्या वर्षांकडे पाहिले की कळते. शहाजीराजांचे चुलतभाऊ, विठोजींचे पुत्र, हेही संभाजी. खंडागळ्यांच्या हत्तीवरून भोसले-जाधवांत जो रक्तपात झाला त्यात ते पडले. सुप्याचे संभाजी मोहिते हे शहाजीराजांचे मेहुणे. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांच्याकडून ठाणे घेतले आणि त्यांना कर्नाटकात शहाजीराजांकडे रवाना केले. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाचे शिर कापणारा म्हणून सभासद बखरीत ज्याचे नाव येते तो संभाजी कावजी. ज्या खानावर एका संभाजीच्या मृत्यूचा ठपका होता, त्याचे मस्तक दुसऱ्या संभाजीने उतरविले! हा योगायोगच, पण बखरीच्या श्रोत्यांना तो जाणवल्यावाचून राहिला नसेल. अठराव्या शतकात कोल्हापूरचे छत्रपती संभाजी आणि कुलाब्याचे संभाजी आंग्रे यांची भर पडली. 1731 च्या वारणेच्या तहात तर संभाजीपुत्र शाहू एका बाजूस आणि त्यांचे चुलतबंधू संभाजी दुसऱ्या बाजूस होते.

अशा वेळी कागद वाचणाऱ्याने काय करावे? मराठी दफ्तरांनी त्याची सोय ‘बिन’ या लहानशा शब्दाने केली होती. ‘संभाजी बिन शहाजी’ आणि ‘संभाजी बिन शिवाजी’ यांत गल्लत होत नाही. काव्यात ही सोय राहत नाही. संस्कृत कवीच्या लेखणीत नाव ‘शंभु’ होते, फार्सी तवारीखकाराच्या लेखणीत ‘संभा’. तेथे संदर्भ पाहूनच व्यक्ती ओळखावी लागते. इतिहासात ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ ही विशेषणे आपण याच अडचणीतून वापरतो. कमल गोखले यांनी आपल्या चरित्रग्रंथाचे नाव ‘शिवपुत्र संभाजी’ असे ठेवले. त्यातही वडिलांचे नाव आधी येते, हे लक्षणीय आहे.

यानंतर मात्र तोल एका बाजूस झुकला. 11 मार्च 1689 रोजी संभाजी महाराजांना जे मरण आले, त्याने त्या नावाचा अर्थच बदलला. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’पासून शिवाजी सावंतांच्या ‘छावा’पर्यंत मराठी नाटक-कादंबरीने त्यांचाच शोध घेतला. पुण्यातील उद्यान आणि पूल, बेळगावातील चौक, गावोगावच्या वसाहती आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर हे शहर, ही सारी नावे त्यांच्याच स्मरणार्थ आहेत. त्यात अनुचित काही नाही. पण ज्या काकांची आठवण राहावी म्हणून पुतण्यास नाव दिले, त्या काकांना त्याच नावाने झाकून टाकले, ही या कथेतील वेदना आहे. पुतण्याचा त्यात दोष नाही. दोष असलाच तर एका नावामागे एकच माणूस पाहण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने म्हणूनच जुन्या ग्रंथात ‘संभाजी’ हे नाव आले की क्षणभर थांबावे आणि ‘कोणाचा?’ असे विचारावे. शहाजीराजांची समाधी कर्नाटकात होदिगेरे येथे आहे. तेथे जाणारे मराठी लोक आहेत. त्यांनी बेंगळूरवरूनही जावे आणि वडिलांसाठी हे ठाणे लढविणाऱ्या त्या मुलाचे नाव एकदा घ्यावे. बनशंकरीच्या देवळात ज्याप्रमाणे बदामीची आठवण निघते, त्याचप्रमाणे धाकट्या संभाजी महाराजांचे नाव उच्चारताना थोरल्यांची आठवण निघाली, तर 1657 मध्ये पुरंदरावर ठेवलेल्या त्या नावाचा मूळ हेतू सफल होईल.